घोट्याचा संधिवात : जखडणुकीकडून हालचालीकडे

लिव्हरपूलचे अस्थितज्ज्ञ ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी रोगग्रस्त सांध्याला दीर्घ, अखंड विश्रांती देण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी सांधा जखडून ठेवणाऱ्या आधारपट्ट्या घडवल्या. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांच्या त्या काळात हा आग्रह समजण्याजोगा होता, झिजेच्या संधिवाताला मात्र तो मानवणारा नव्हता. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते व त्याला हालचालीची मदत लागते. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० नंतर सशांवरील प्रयोगांतून सततच्या हळुवार हालचालीने कूर्चा अधिक चांगली भरून येते असे दाखवले. घोट्यासाठी उड्यांऐवजी पाण्यातील चालणे किंवा स्थिर सायकल सुचवली जाते, ती भार कमी ठेवून हालचाल टिकवण्यासाठी.