करमणुकीच्या उद्यानांतील महाग मुक्काम

मुलांना एखादें नांवाजलेलें करमणुकीचें उद्यान दाखवावयाचें, असें कुटुंबांत ठरलें म्हणजे पहिला वाद प्रवेशाच्या तिकिटाविषयीं होत नाहीं. तो मुक्कामाविषयीं होतो. ज्या उद्यानांना हल्लीं थीम पार्क हें नांव रूढ झालें आहे, त्यांच्या फाटकाशींच बहुधा मालकाचें स्वतःचें एक भव्य हॉटेल उभें असतें. तेथून मैल-दोन मैलांवर, रस्त्याच्या कडेला, एखादें साधें हॉटेल पुष्कळ कमी दरांत खोली देत असतें. पलंग दोन्हीकडे सारखाच, पाणी दोन्हीकडे सारखेंच ऊन, आणि दिवसभर चालून दमलेल्या मुलाची झोपही दोन्हीकडे सारखीच गाढ. वडील विचारतात, ‘दिवस तर उद्यानांतच जावयाचा, मग नुसते डोळे मिटण्यासाठीं इतके पैसे कां द्यावयाचे?’ आई म्हणते, ‘एवढ्या दूर एकदांच जावयाचें, तेथें जाऊन रस्त्यांत वेळ कां घालवावयाचा?’ दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. उद्यानांच्या मालकांनाही हें कोडें सहजासहजीं सुटलेलें नाहीं. त्यांनीं तें कसें सोडविलें, व कोठें कोठें ते चुकले, हें पाहिलें म्हणजे त्या जादा पैशाच्या मोबदल्यांत नेमकें काय मिळतें, तें समजूं लागतें.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोनी आयलंड येथें करणें सोयीचें होईल. या किनाऱ्याच्या पूर्व टोंकास ऑस्टिन कॉर्बिन नांवाच्या धनिकानें १८७७ सालीं मॅनहॅटन बीच हॉटेल व १८८० सालीं ओरिएंटल हॉटेल अशीं दोन भव्य हॉटेलें उघडलीं. श्रीमंत कुटुंबें तेथें उन्हाळा घालवीत. पश्चिमेकडे मात्र निराळेंच जग उभें राहिलें. १८९७ सालीं स्टीपलचेस पार्क, १९०३ सालीं लूना पार्क आणि १९०४ सालीं ड्रीमलँड अशीं तीन उद्यानें निघालीं, आणि तेथें शहरांतील कामकरी व कारकून वर्गाची झुंबड उडाली. हे लोक सकाळीं येत, पाळण्यांत बसत, दिव्यांची रोषणाई पाहात, आणि रात्रीं आपापल्या घरीं परत जात. १९२० सालीं शहराची भुयारी आगगाडी तेथवर पोंचली व पांच सेंटांत कोणासही समुद्र गांठतां येऊं लागला. कॉर्बिनचीं दोन्ही हॉटेलें त्यापूर्वींच जमीनदोस्त झालीं होतीं. उद्यानें गर्दीनें भरलेलीं, आणि हॉटेलें मात्र नाहींशीं झालेलीं, असें हें दृश्य होतें. ज्याला संध्याकाळीं घरीं परततां येतें, त्याला उद्यानाजवळच्या खोलीची गरज नसते, हा या इतिहासांतील पहिला धडा होय.

दुसरा धडा वॉल्ट डिस्ने यांना मिळाला. कॅलिफोर्नियांतील अनाहाइम या गांवीं १६० एकर जमिनीवर त्यांनीं उभारलेलें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. त्याला १ कोटि ७० लक्ष डॉलर खर्च आला. या कामासाठीं डिस्ने यांनीं स्वतःच्या आयुर्विम्यावरही कर्ज काढिलें होतें. उद्यान पुरें करतां करतां पैसा संपला, आणि हॉटेल बांधण्यास कांहींच उरलें नाहीं. तेव्हां त्यांनीं जॅक रॅदर या टेलिव्हिजनच्या निर्मात्यास हॉटेल बांधावयास सांगितलें व ‘डिस्नेलँड हॉटेल’ हें नांव लावण्याची परवानगीही दिली. तें हॉटेल त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत सुरू झालें. लवकरच उद्यानाभोंवतालच्या रस्त्यांवर मोटारीनें येणाऱ्या प्रवाशांसाठीं लहानमोठ्या मोटेलांची रांग लागली. लोक आणले डिस्ने यांनीं, आणि त्यांच्या निजण्या-जेवण्याचा पैसा मिळाला शेजाऱ्यांना. विहीर एकानें खणावी आणि मळा दुसऱ्याचा पिकावा, तसा हा प्रकार झाला. रॅदर यांचें हॉटेल डिस्ने कंपनीच्या ताब्यांत यावयास १९८८ साल उजाडलें.

ही चूक पुन्हां करावयाची नाहीं, असा निश्चय करूनच डिस्ने फ्लॉरिडाकडे वळले. १९६५ च्या सुमारास ऑर्लंडो शहराजवळ वेगवेगळ्या नांवांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन विकत घेण्यांत आली. ती एकंदर २७,००० एकरांहून अधिक, म्हणजे सुमारें ४३ चौरस मैल भरली. एवढी जमीन पाळणे व किल्ले यांसाठीं लागत नाहीं. शेजारी दूर ठेवण्यासाठीं लागते. १९६६ च्या डिसेंबरांत वॉल्ट डिस्ने वारले. परंतु त्यांचे बंधु रॉय यांनीं काम तडीस नेलें, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उद्यानाबरोबरच कंटेम्पररी व पॉलिनेशियन व्हिलेज हीं दोन हॉटेलेंही उघडलीं. त्यांच्या खोल्या जवळच्याच एका कारखान्यांत पोलादी सांगाड्यांवर स्नानगृहासकट तयार करून, मग यारीनें उचलून जागेवर बसविण्यांत आल्या. कंटेम्पररी हॉटेलाच्या तर पोटांतूनच एकरुळी गाडी जाते. पाहुणा खोलींतून निघाला कीं गाडींत, आणि गाडींतून उतरला कीं उद्यानाच्या फाटकांत. बाहेरचें जग त्याच्या दृष्टीसच पडत नाहीं.

येथें खोलीच्या किंमतीचा उलगडा होतो. शेजाऱ्यांना चार-सहा मैल दूर सारल्यावर जवळीक ही विकण्याजोगी वस्तु झाली. पाहुणा पलंगासाठीं पैसे देत नाहीं. तो फाटकापर्यंतचें अंतर विकत घेतो. दुपारीं उन्हानें कासावीस झालेल्या मुलाला तासभर निजवून पुन्हां आणतां येणें, म्हाताऱ्या माणसाला मध्येंच विश्रांति मिळणें, रात्रीं मोटार शोधीत हिंडावें न लागणें, या त्या अंतराच्या पोटांतल्या गोष्टी होत. आणि त्यांच्या जोडीला कंपनी कांहीं सवलती देते. परंतु या सवलतींविषयीं सावध राहणें अगत्याचें आहे. कारण त्या कायमच्या नसतात. ऑर्लंडोच्या विमानतळापासून हॉटेलापर्यंत फुकट नेणारी कंपनीची बस २००५ सालीं सुरू झाली व २०२२ सालीं बंद पडली. हॉटेलांतील पाहुण्यांना पूर्वीं ठराविक दिवशीं एक-एक तास अगोदर उद्यानांत शिरतां येत असे; २०२१ पासून तो अवधि रोजचा, पण अर्ध्या तासाचा झाला. हॉटेलाच्या आवारांत रात्रीं मोटार ठेवण्यास २०१८ सालीं पैसे घेऊं लागले, व २०२३ सालीं तें घेणें सोडून दिलें. दहा वर्षांपूर्वीं जाऊन आलेल्या आप्ताचा सल्ला ऐकून जो खोली घेतो, तो आज पुष्कळदां नसलेल्या सोयीचे पैसे देऊन बसतो.

फ्लॉरिडांत हा व्यवहार फळाला आला, याचें कारण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. १९८२ सालीं एप्कॉट व १९८९ सालीं चित्रपटांविषयींचें तिसरें उद्यान तेथें सुरू झालें. तीन उद्यानें पाहावयास तीन-चार दिवस लागतात, आणि येणारा पाहुणा शेंकडों मैलांवरून आलेला असतो. त्याला रात्रीं घरीं जातां येत नाहीं. कोनी आयलंडच्या अगदीं उलट स्थिति येथें होती.

हें कारण विसरून केवळ फळाकडे पाहिल्यास काय होतें, तें फ्रान्समध्यें दिसून आलें. पॅरिसच्या पूर्वेस सुमारें २० मैलांवर मार्न-ला-व्हॅले येथें १२ एप्रिल १९९२ रोजीं डिस्ने कंपनीचें उद्यान उघडलें. अनाहाइमची चूक टाळण्याच्या उत्साहांत तेथें एकदम सहा हॉटेलें व सुमारें ५,२०० खोल्या बांधण्यांत आल्या. उद्यान मात्र एकच होतें, आणि तें एका दिवसांत पाहून होत असे. शिवाय पॅरिसहून येणारी आगगाडी थेट फाटकाशीं येऊन थांबे. सुमारें पाऊण तासाचाच प्रवास. साहजिकच कित्येक लोक पॅरिसमध्यें मुक्काम करून दिवसापुरते येत, आणि जे हॉटेलांत उतरत तेही बहुधा एकच रात्र राहात. सकाळीं येऊन उद्यान पाहावयाचें, रात्रीं उशिरां खोली ताब्यांत घ्यावयाची, व दुसऱ्या दिवशीं निघून जावयाचें, अशा पाहुण्यांनीं हॉटेलांच्या कचेरींत गर्दी होई, आणि खोल्या मात्र रिकाम्या राहात. न्यूपोर्ट बे क्लब हें हजाराहून अधिक खोल्यांचें हॉटेल तर पहिल्याच हिंवाळ्यांत बंद ठेवावें लागलें. १९९३ च्या हिशेबाच्या वर्षांत कंपनीस ५ अब्ज फ्रँकांहून अधिक तोटा आला. १९९४ सालीं सावकारांशीं नवा करार करावा लागला व सौदी अरेबियाचे राजपुत्र अल्-वलीद यांचें भांडवल घ्यावें लागलें. पुढच्या वर्षीं प्रवेशाचा दर २५० फ्रँकांवरून १९५ फ्रँकांवर आणला, हॉटेलांचे दरही उतरविले, आणि तेव्हां कोठें पहिला नफा दिसला. हॉटेलें तींच होतीं. परंतु पाहुण्यांनीं जवळिकीची किंमत आपल्या गरजेनुसार ठरविली, आणि मालकाला ती मान्य करावी लागली.

जपानांत व जर्मनींत याहून सबुरीनें पावलें पडलीं. टोकियोचें डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजीं उघडलें. तें ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचें आहे. आरंभीं शेजारचीं हॉटेलें इतर मंडळींनीं चालविलीं. डिस्नेच्या नांवाचें पहिलें हॉटेल २००० सालीं, म्हणजे सतरा वर्षांनीं निघालें. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या उद्यानाबरोबर मिराकोस्टा हें हॉटेल उघडलें. तें उद्यानाच्या आंतच असून त्याच्या कांहीं खिडक्यांतून उद्यानांतील बंदर दिसतें. जर्मनींतील रुस्ट येथील युरोपा-पार्क १९७५ सालीं निघालें व त्याचें पहिलें हॉटेल १९९५ सालीं. आधीं लोकांना एका दिवसांत उद्यान पुरत नाहीं असें दिसूं द्यावें, आणि मग खोली बांधावी, हा क्रम या दोन्ही ठिकाणीं राखला गेला.

शेवटचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. १ मार्च २०२२ रोजीं फ्लॉरिडांत ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटांच्या कथेवर रचलेलें एक विलक्षण हॉटेल सुरू झालें. खोल्या फक्त १००. पाहुण्यांनीं दोन रात्री अंतराळयानांत आहोंत असें समजून राहावयाचें. खिडकींतून आकाशाऐवजीं पडद्यावरचे तारे दिसावयाचे. नटांच्या संगतीनें पाहुण्यांनींही कथेंत भाग घ्यावयाचा. दोन माणसांना दोन रात्रींचे सुमारें ४,८०० डॉलर, आणि चौघांच्या कुटुंबास जवळजवळ ६,००० डॉलर पडत. त्यांत जेवण व एका उद्यानाची भेट धरलेली होती. जे गेले त्यांपैकीं पुष्कळांनीं मनापासून कौतुक केलें. परंतु जाऊं शकणारेच थोडे निघाले. नाकापेक्षां मोतीं जड झालें, आणि सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तें हॉटेल बंद झालें. वस्तु उत्तम असली म्हणजे ती परवडतेच असें नाहीं, हें येथें मालक व पाहुणा दोघांनाही एकदमच समजलें.

मग त्या आई-वडिलांच्या वादाचा निकाल काय? तो त्रैराशिकानें बराचसा लागतो. समजा, जवळच्या व दूरच्या हॉटेलांच्या दरांत रात्रीमागें २०० डॉलरांचा फरक आहे. जवळ राहिल्यानें येण्याजाण्याचा दीड तास वांचला व सकाळीं अर्धा तास आधीं प्रवेश मिळाला, तर दोन तासांना २०० डॉलर पडले. कुटुंबांत चार माणसें असल्यास माणशीं तासाला २५ डॉलर. आतां हा भाव त्या कुटुंबानें स्वतःशीं ताडून पाहावा. ज्यांच्याजवळ दोनच दिवस आहेत, ज्यांचें मूल तीन-चार वर्षांचें आहे, ज्यांच्यासोबत आजी-आजोबा आहेत, त्यांना हे दोन तास म्हणजे सहल सुखाची होणें कीं रडारडीची होणें, यांतला फरक असूं शकतो. त्यांनीं ते खुशाल घ्यावेत. उलट, मुलें मोठीं आहेत, सकाळीं आंत गेलेलें माणूस रात्रीं फाटक बंद होतांनाच बाहेर यावयाचें आहे, त्यांना दुपारीं रिकाम्या राहणाऱ्या खोलीच्या जवळिकीचा उपयोग कोणता? त्याच पैशांत त्यांनीं दूरच्या हॉटेलांत आणखी एक दिवस राहावें. दोन तासांऐवजीं आख्खा दिवस पदरांत पडेल. आणि जेथून रात्रीं घरींच परततां येतें, तेथें तर प्रश्नच मिटतो. मुंबई व पुणें यांच्या दरम्यान खोपोलीजवळ २०१३ सालीं असें एक मोठें उद्यान उघडलें व पुढें त्याच्या शेजारीं हॉटेलही झालें. परंतु या दोन शहरांतील कुटुंबाला तेथें राहावयाचें तें हौसेनें, गरजेनें नव्हे. हौसेला मोल असतेंच. मात्र ती हौस आहे हें ओळखून खर्च करावा.

एक गोष्ट मात्र त्रैराशिकांत बसत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. कारण येथें विकत घ्यावयाचें तें अंथरूणच आहे. त्यासाठीं कर्ज काढून जो बाप मुलांना नेतो, तो दिवसभर मनांत हिशेब करीत हिंडतो, मुलानें सरबत मागितलें तरी त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी मुलाच्या नजरेंतून सुटत नाहीं. १९५५ सालीं डिस्ने यांच्याजवळ स्वतःचें हॉटेल बांधण्यापुरता पैसा नव्हता. पहिल्या वर्षीं आलेलीं लक्षावधि माणसें शेजारच्या मोटेलांत निजलीं, किंवा रात्रीं मोटारींत बसून घरीं गेलीं. मागच्या बैठकीवर झोपीं गेलेल्या त्या मुलांना आपण कोठें राहिलों नाहीं याची खंत नव्हती.