मुद्दल आणि फी

खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत मी हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीच्या शिक्षण निधीची वही माझ्याकडे आली. त्यामुळे चर्चचा इतिहास मी कमानी आणि रंगीत काचा पाहून वाचत नाही, पैशावरून वाचतो. पैसा कोणी दिला, कशासाठी दिला, आणि देणारा गेल्यावर तो कोणाच्या लेकराच्या कामी आला?

खडकीच्या बाबतीत या प्रश्नाचं पहिलं उत्तर फारसं अभिमानाचं नाही. 5 नोव्हेंबर 1817 च्या लढाईनंतर इथं इंग्रजांची छावणी वसली आणि छावणीमागोमाग चर्च आलं. चॅप्लेनचा पगार सरकारी तिजोरीतून व्हायचा. ती तिजोरी भरत होती शेतसाऱ्यातून. म्हणजे गोऱ्या शिपायाच्या उपासनेचा खर्च या मुलखातला कुणबी उचलत होता, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. 1927 च्या कायद्यानं अँग्लिकन चर्च सरकारपासून वेगळं करायचं ठरलं, 1930 मध्ये ते अमलात आलं, आणि उरलासुरला सरकारी आधार स्वातंत्र्यानंतर गेला. ज्या चर्चला कधी स्वतःची ठेव करावी लागली नव्हती, त्याला एकदम दानार्पणाच्या थैलीवर जगायची वेळ आली.

पुण्यातच याच्या उलट उदाहरण आहे, आणि ते खडकीच्या लढाईपेक्षा जुनं आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. खडकीच्या लढाईतही पेशव्यांकडून मेजर पिंटोची पलटण लढली. या लोकांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. दोम मिगेल दि नोरोन्हा या अंमलदारानं विनंती केली आणि 1792 मध्ये सवाई माधवरावांनी जमीन दिली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च त्याच जागेवर आहे. ब्राह्मण पेशव्यानं दिलेल्या जमिनीवर पुढं फक्त मिस्सा झाली असं नाही. तिथंच ऑर्नेलाज हायस्कूल उभं राहिलं आणि नाना पेठेतल्या सगळ्या जातिधर्मांची पोरं त्यात शिकली. जमीन दिली तेव्हा शाळेचा विचार कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. पण जागा होती, म्हणून शाळा होऊ शकली.

चर्चच्या पैशातून गरिबाचं शिक्षण, या रिवाजाचं एक जुनं उदाहरण मुंबईत आहे. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च बांधायला गव्हर्नर आँजियरनं 1676 च्या सुमारास सुरुवात केली, आणि पुढं चाळीस वर्षं त्या भिंती अर्धवट उभ्या होत्या. रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाळक आला, त्यानं वर्गणी उभी केली आणि 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. त्या दिवशी रामा कामाती हा मोठा व्यापारी आपल्या लोकांना घेऊन पाहायला आला होता. इमारत पुरी झाली म्हणून कॉब थांबला नाही. त्यानं धर्मार्थ शाळा काढली: बारा गरीब मुलं, एक मास्तर, आणि जेवणखाण, कपडे सगळं शाळेकडून. 1815 मध्ये आर्चडीकन बार्न्स यांनी स्थापलेल्या एज्युकेशन सोसायटीनं ती शाळा सांभाळली, पुढं ती भायखळ्याला गेली आणि 1925 मध्ये देवळालीत बार्न्स स्कूल झालं. दोनशे वर्षं हा धागा तुटला नाही. लढाया झाल्या, साथी आल्या, सरकारं बदलली, पण शाळा चालू राहिली.

आमच्या मंडळीचा निधी या कामापुढं अगदी लहान आहे. कोणी आईच्या स्मरणार्थ दिलेले, कोणी ग्रॅच्युइटीतून काढून ठेवलेले पैसे. ते बँकेत मुदत ठेवीत असतात, वर्षाचं व्याज जूनच्या आत हाती येतं, आणि समिती अर्ज घेऊन बसते. गुणपत्रिका, फीची पावती, घरच्या कमाईचा दाखला. चेक शाळेच्या किंवा कॉलेजच्या नावानं निघतो, हातात रोख देत नाही. अर्जदार आमच्याच मंडळीचा हवा अशी अट आम्ही ठेवलेली नाही. गेल्या खेपेला खडकी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंच्या मुलीची नर्सिंगची फी भरली. त्या बाईंनी पावती दोनदा वाचून घेतली आणि घडी घालून पिशवीतल्या छोट्या डब्यात ठेवली.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली व्याजाची. नव्वदच्या दशकात लाखाच्या ठेवीवर वर्षाला बारा हजार मिळत. आज सहा-सात हजार मिळतात, आणि फी मात्र किती पटींनी वाढली ते पालकांना विचारा. व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात घातला नाही, तर निधी कागदावर जिवंत राहतो आणि कामातून मरतो.

दुसरी अडचण देणाऱ्यांच्या अटींची. आमच्याकडे एका दात्याचं जुनं पत्र आहे: व्याज मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या मुलाला द्यावं. 1975 नंतर अकरावीची ती मॅट्रिक राहिली नाही, आणि मुलींचं काय, हे पत्रात नाहीच. विश्वस्तांना हेतू मनानं बदलता येत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं त्यासाठी कायदेशीर वाट दाखवली आहे, पण छोट्या निधीची दोन-तीन वर्षांची कमाई त्या वाटेवर वकिलालाच जाते. देणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्यानं आपल्या काळापुरतं पाहिलं, एवढंच.

म्हणून आईवडिलांच्या नावानं ठेव ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, माझी कळकळीची विनंती आहे. नाव जरूर द्या. पण परीक्षेचं, जातीचं, मुलगा-मुलीचं बंधन घालू नका. ‘गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी’ एवढंच लिहा. आणि व्याजाचा दहावा हिस्सा मुद्दलात जमा करावा, हे वाक्य त्याच कागदावर तुमच्या सहीच्या वर असू द्या.