निस्तार : सवलत की हक्क?

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारी वाट मूल गावावरून जाते. भाताच्या बांध्या, मालगुजारांच्या काळातले तलाव आणि गावाच्या शिवेला भिडलेले साग-बांबूचे रान, असा हा मुलूख आहे. येथील जुन्या महसुली दप्तरात आणि लोकांच्या तोंडीही एक शब्द आढळतो : 'निस्तार'. घर शाकारायला बांबू, चुलीला सरपण, नांगराला लाकूड, जनावरांना चराई. घरच्या गरजेपुरते रानातून जे घ्यावे, तो निस्तार. वसई-मुंबईकडच्या वाचकांना हा शब्द परका वाटेल. परंतु नागरिक, कायदा आणि राज्यसत्ता यांचे नाते गेल्या दीडशे वर्षांत कसे बदलत गेले, हे या एका शब्दाच्या इतिहासातून आपल्याला चांगले समजते.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजांच्या अमलाखाली आला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला सरकारला लाकूड हवे होते. १८६४ साली वनखाते उभे राहिले आणि डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन तज्ज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. नवा वनकायदा करताना अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की, सरकारने लेखी मान्य केलेला तोच हक्क. बाकी रयत रानातून जे घेते ती केवळ सरकारच्या मेहेरबानीने मिळालेली सवलत. ब्रँडिस यांना हे पटत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला काही मोल आहे, असे ते मानीत. १८७८ च्या कायद्यात पारडे झुकले ते मुख्यतः बेडन-पॉवेल यांच्या बाजूने. राखीव जंगलात, स्पष्ट परवानगी नसेल तर, सारेच मना ठरले. काल जो रानाचा रहिवासी होता, तो आज कायद्याच्या नजरेत घुसखोर झाला. विशेष हे की, याच इंग्रजांच्या मायदेशी १२१७ साली राजाच्या नावाने निघालेल्या 'वनांच्या सनदे'ने स्वतंत्र रयतेचे राजाच्या रानातील चराईचे व सरपणाचे हक्क मान्य केले होते. स्वतःच्या घरी जो न्याय त्यांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी मानला, तो चांद्याच्या गोंडाला देताना त्यांचा हात आखडला.

सवलत आणि हक्क यांत फरक काय? घरात येणारे सरपण तर दोन्हींमुळे तेच येते. फरक कळतो तो देणाऱ्याची मर्जी फिरली म्हणजे. सवलत काढून घेताना कोणाला कारण द्यावे लागत नाही. हक्क काढून घ्यायचा तर न्यायासनापुढे उत्तर द्यावे लागते. सवलतीवर जगणाऱ्या माणसाला नाकेदारापुढे मान लववावी लागते, आणि कधी हातही ओले करावे लागतात. १९३० साली १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला, तेव्हा मूठभर गवताचे मोल सर्वांना ठाऊक होते. प्रश्न होता तो मान लववण्याचा.

स्वातंत्र्यानंतर हे पालटेल अशी आशा होती. १९५१ साली मालगुजारी गेली आणि खाजगी जंगले सरकारजमा झाली. त्या वेळी गावोगावच्या वहिवाटींची नोंद करून 'निस्तार पत्रके' तयार करण्यात आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १६१ मध्ये त्यांना स्थानही आहे. तथापि कागदावरचा निस्तार हळूहळू आटत गेला. १९२७ चा वन अधिनियम तसाच चालू राहिला. कागद गिरणीला बांबूचे दीर्घ मुदतीचे करार मिळाले. गिरणीचा ट्रक परवाना दाखवून नाक्यावरून निघून जाई, आणि घराच्या कुडासाठी चार बांबू आणणारा गावकरी मात्र गुन्हेगार ठरे. राज्य आपले झाले होते; कायद्याची भाषा मात्र परक्याचीच राहिली होती.

ही भाषा बदलण्याची सुरुवात मूलच्या पूर्वेस, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात झाली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी ऐंशीच्या दशकापासून नेमाने एकत्र बसू लागले. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या सोबतीला होते. गावात अभ्यासगट चालू झाले. कायदा वाचायचा, त्यावर चर्चा करायची आणि सर्वांची सहमती झाल्याखेरीज निर्णय घ्यायचा नाही, असा शिरस्ता पडला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गाजली. तिचा अर्थ शासनाशी वैर असा कोणी करू नये. दिल्ली-मुंबईचे सरकारही 'आमचेच' असे ती म्हणते, आणि म्हणूनच त्या सरकारला जाब विचारण्याचा अधिकारही सांगते. या गावाने स्वतःवरही बंधने घातली : रानाला वणवा लागू द्यायचा नाही, गरजेपेक्षा अधिक तोडायचे नाही. हक्क मागणाऱ्याने आधी जबाबदारी उचलली.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. वनवासी समाजांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, अशी कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. आणि कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची गणना करताना त्यात शब्द आला 'निस्तार'. मूल-धानोऱ्याच्या चुलीपाशी बोलला जाणारा शब्द देशाच्या कायद्यात हक्क म्हणून लिहिला गेला. याच कायद्याने बांबूलाही गौण वनोपज ठरवले. २००९ साली मेंढ्याला आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते राजी होईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या कागदावर आजवर अधिकाऱ्याची सही लागत असे, त्यावर आता गावाची सही चालू लागली.

याने सारे साधले असे मात्र नाही. या कायद्याखाली जे आदिवासी नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. मूलच्या परिसरात रानावर पोट असणारी अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि पंधरा दिवसांतच त्याला स्थगितीही दिली. त्या पंधरवड्यात लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार होती.

अशा वेळी पुरावा कोठून आणावा? कायद्याचे नियम सांगतात की, सरकारी कागदपत्रांप्रमाणेच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा होय. सामूहिक दाव्यासाठी निस्ताराच्या जुन्या नोंदीही चालतात. म्हणजे ज्या वहिवाटीला बेडन-पॉवेल यांनी केवळ सवलत म्हटले, तिचीच नोंद आज नातवाच्या हक्काला आधार देते. मात्र तो कागद तहसिलीच्या दप्तरातून आपोआप चालत येत नाही. कोणीतरी अर्ज करून त्याची नक्कल काढावी लागते, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी लागते, आणि ऐकायला गावाने तेथे बसावे लागते.