गोष्ट कोणाची, नायक कोण? : यमुना, मुक्ता आणि आपली वस्ती

गेल्या डिसेंबरात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गातली चार पोरे नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाली. वस्तीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने ते नाटक अंगणातच बसवले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला मुंडासे. बेथलेहेमचे मेंढपाळ अगदी आपल्याकडच्या धनगरांसारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी आमच्याच एका कार्यकर्त्याने जाब विचारला, "बौद्धांची पोरे तिकडे कशाला? आधी गोष्ट सांगतात, मग धर्म देतात."

हे त्या घरातल्या आजीच्या कानावर गेले. तिचे माहेर नगरकडचे. ती एवढेच म्हणाली, "बाळा, तुझी पणजी अन् माझी पणजी एकाच विहिरीपासून लांब उभ्या ऱ्हायच्या. तवा कुनी इचारलं न्हाई, कोन कोन्या धर्माची."

आजीचे म्हणणे आम्हाला पटले. पण कार्यकर्त्याचा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. धर्माला गोष्ट लागते, हे खरेच आहे. मात्र गोष्टीत शिरल्यावर धर्म जसाच्या तसा राहतो का? आणि त्या गोष्टीत आपल्याला कोणती जागा मिळते? मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. तो आपण वाचलेला नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात गोव्यापासून करू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ आहे मराठी ओवीत. त्याची जवळपास अकरा हजार ओव्यांची रचना आपल्या पुराणासारखी आहे. त्यातला स्वर्गसुद्धा वैकुंठ आहे! ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण श्रोता धर्मगुरूला विचारतो की, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे नवा धर्म घेतलेल्या लोकांची गोष्टीची भूक तशीच होती. ती भागवताना ख्रिस्ताला ओवी शिकावी लागली. धर्माने गोष्ट घडवली आणि गोष्टीने त्या धर्माला मराठी केले. पण प्रश्न विचारणारा श्रोता कोण, हे लक्षात ठेवा. तो ब्राह्मण आहे.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावात कासार कुटुंबात जन्मले आणि १८५४ साली ख्रिस्ती झाले. पुढे तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. यमुना ही शिकलेली तरुणी. नवऱ्याबरोबर प्रवास करताना तिला ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि त्यांची दुःखे कळतात. पुढे ती स्वतःच विधवा होते, अखेर ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते.

प्रस्थापित समीक्षक म्हणतात, ही प्रचारकी कादंबरी. आम्ही विचारतो, मग तुमच्या पोथ्यापुराणांतून काय चालले होते? देवाचा आणि वर्णाचा प्रचारच ना? पदमनजींनी निदान जिवंत बाईचे दुःख कथेच्या मध्यभागी आणले. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना विधवेकडे पाहण्याची नजर दिली आणि ते दुःख दाखवण्यासाठी मराठीत एक नवा वाङ्मयप्रकार आला. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण चिकित्सा इथे थांबत नाही. केशवपन आणि पुनर्विवाहाची बंदी हा प्रामुख्याने उच्चजातींचा प्रश्न होता. कुणबी, महार, मांग अशा जातींत पाट लावण्याची रीत होती. आपल्या बायांची दुःखे वेगळी होती. पाणवठा, उष्टे, वेठबिगार, गावकुसाबाहेरचे बाळंतपण. यमुनेच्या प्रवासाचे मध्यवर्ती दुःख हे नाही.

हे दुःख त्या काळी कुणाला माहीत नव्हते का? होते. 'यमुनापर्यटन'च्या दोनच वर्षे आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आम्ही धर्माविना उरलो, मग आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारले. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात, हेही तिने लिहिले. 'ज्ञानोदय' हे १८४२ पासून निघणारे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. मिशनने मुक्ताला पान दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यासारखी मुलगी त्या पहिल्या कादंबरीची नायिका झाली नाही.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, असे कथानक. नाटकात पाद्री आहे, तो या जोडप्याला समजावतो. आता शेवट पाहा. ते दोघे ख्रिस्ती होत नाहीत. ते शिकायला निघतात, फुल्यांच्या शाळेत! जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी पाद्र्याला नाटकात मान दिला, पण नाटकाची किल्ली त्याच्या हाती दिली नाही. पुढे 'गुलामगिरी'त, १८७३ साली, त्यांनी ख्रिस्तालाच बळी म्हटले. स्टीफन्सने ख्रिस्ताला पुराणिकांच्या ओवीत बसवले होते, तर जोतीरावांनी त्याला बळीराजाच्या रांगेत, शूद्रातिशूद्रांच्या बाजूने उभे केले. ही गोष्ट ज्याच्या हाती गेली, त्याच्या गरजेप्रमाणे ती बदलली.

बाबासाहेबांनी या विषयाची सर्वांत कठोर चिकित्सा केली. मिशनऱ्यांनी बराच काळ ब्राह्मणांना ख्रिस्ती करण्यामागे घालवला, आणि अस्पृश्य ख्रिस्ती झाले तरी जात त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेली, हे त्यांनी दाखवून दिले. त्याहून महत्त्वाचा आक्षेप गोष्टीबद्दलचा आहे. आदमाच्या पतनाची कथा माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात शोधते. पण अस्पृश्याची अधोगती त्याच्या पापामुळे झालेली नाही, ती अन्यायी समाजव्यवस्थेने केलेली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पापी म्हणणारी गोष्ट त्याला लढायला कशी शिकवणार?

मग बाबासाहेबांनी गोष्ट टाकून दिली का? मुळीच नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडा. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा त्यांनी बुद्धीच्या कसोटीवर नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कोण मानेल? तिच्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला संघर्ष ठेवला. महाडचा सत्याग्रह केलेल्या माणसाने बुद्धाच्या गृहत्यागाचे कारण पाण्याच्या तंट्यात पाहावे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. श्रद्धा आणि कथा यांचे नाते त्यांनी तोडले नाही. त्या नात्यात चिकित्सा आणली.

आमच्या कार्यकर्त्याला आम्ही हेच सांगितले. गोष्टीला घाबरू नका, तिची तपासणी करा. पोरांना मेंढपाळ होऊ द्या आणि घरी आल्यावर त्यांना विचारा, देवदूताची बातमी राजाच्या आधी मेंढपाळांना का कळली? जन्मलेले पोर गव्हाणीत का ठेवावे लागले? हे प्रश्न आपलेच आहेत. आणि मग रोहिणीची गोष्ट सांगा, मुक्ताची सांगा. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे. यमुना, पाद्री, बळी आणि मुक्ता एकाच रंगमंचावर आणणारे नाटक तिथे आपल्या पोरांनी का करू नये? १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि इथूनच 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांची पिढी घडवली. ही परंपरा आपल्या दाराशी आहे.

आता आजीच्या विहिरीकडे परत येऊ. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ साली धम्म स्वीकारल्यावर आपणही त्या यादीबाहेर पडलो आणि १९९० साली केंद्राने कायदा बदलेपर्यंत, चौतीस वर्षे, बाहेर राहिलो. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कायदा म्हणतो, धर्म बदलला की अस्पृश्यता संपली. ही सरकारी गोष्ट आहे, आणि तीही काल्पनिकच! आजीच्या नातवाला जातीचा दाखला मिळत नाही, पण भाड्याने खोली बघायला गेला की घरमालकाला त्याची जात बरोबर कळते.

ज्यांनी ती चौतीस वर्षे भोगली, त्यांनी तरी या माणसांना परके म्हणू नये. आमचा ख्रिस्ती धर्मशास्त्राशी मतभेद आहे आणि तो राहणार. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत आम्ही. पण मतभेद धर्माशी आहे, शेजाऱ्याशी नाही. मराठीतल्या पहिल्या कादंबरीला मुक्ता नायिका म्हणून दिसली नाही. आजच्या मुक्ता आपल्या गल्लीत राहतात, काही विहारात जातात, काही चर्चमध्ये. त्यांच्या पणज्यांच्या गोष्टी लिहून काढायचे काम आम्ही या एप्रिलपासून अभ्यासवर्गात सुरू करत आहोत. पहिली वही त्या आजीच्या नावाची आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!