जी. ए. कुलकर्णी : पत्रे आणि उत्तरायुष्यातील स्नेह

मराठी कथाकार गुरुनाथ आबाजी कुलकर्णी (१० जुलै १९२३–११ डिसेंबर १९८७) यांचा पत्रव्यवहार. जी. ए. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. माणसांशी मनमोकळा संवाद साधला तो पत्रांतूनच. लेखिका सुनीता देशपांडे, संपादक श्री. पु. भागवत, समीक्षक म. द. हातकणंगलेकर यांच्याशी त्यांचा स्नेह असा कागदावर वाढला. सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे सर्वांत श्रीमंत: वाचलेल्या पुस्तकांवर बेधडक मते, चित्रकलेचा नाद, लहानपणीच्या आठवणी आणि कथांत क्वचितच भेटणारा खट्याळ विनोद. ‘काजळमाया’ या कथासंग्रहाचा नियतिग्रस्त लेखक इतका गप्पिष्ट होता, हे वाचकाला इथेच उमगते. फ्रेंच साहित्यात फ्लोबेर आणि जॉर्ज सांद यांच्या उतारवयातील पत्रमैत्रीला जे स्थान आहे, तेच मराठीत या पत्रांना द्यावे लागेल. अखेरच्या काळात जी. ए. पुण्यात राहिले, तेथेच वारले. मौज प्रकाशनाने त्यांची निवडक पत्रे चार खंडांत काढली. पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ मध्ये पुस्तकरूपाने आली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.