किल्लारीचा भूकंप आणि आपलीं घरें

वेरूळचें कैलास लेणें पाहून परतणाऱ्या मनुष्यास आपली भूमि अचल आहे असें वाटलें, तर नवल नाहीं. राष्ट्रकूटांच्या काळीं, आठव्या शतकांत, ज्या काळ्या पाषाणांत हें मंदिर कोरलें गेलें, तोच पाषाण मराठवाड्याच्या बहुतेक भागांत पसरलेला आहे. हिमालयाची भूमि कांपते, दख्खनची नव्हे, अशी आपली जुनी समजूत होती. भूकंपाच्या तत्कालीन नकाशांतहि लातूरचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत घातलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं ही समजूत ढांसळली. गणेशविसर्जन आटपून गांवें गाढ निजलीं होतीं. लातूर आणि धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील बावन्न गांवें धुळीस मिळालीं. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान मानली जाते.

असें कां झालें? भूकवचाच्या ज्या प्रचंड तक्त्यावर भारत वसला आहे, तो उत्तरेकडे सरकत आशियाला रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटांतहि सांठतो आणि तो असह्य झाला म्हणजे जुन्या भेगांवरचे खडक एकाएकीं सरकतात. १९९२ सालीं किल्लारीस लहान धक्के बसलेहि होते. परंतु त्यांवरून मोठ्या धक्क्याची तिथि शास्त्राला सांगतां आली नाहीं, आणि आजहि ती सांगतां येत नाहीं.

तथापि हानि केवळ धक्क्याच्या जोरावर अवलंबून नसते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जोरानें जवळजवळ असाच होता. तेथें सुमारें १८० माणसें दगावलीं. किल्लारीस वस्ती दाट होती, आणि घरांची बांधणी घातक होती. भिंती जाड, पण आंतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर आणि मध्यें मातीचा भराव. दोन्ही थरांना जखडणारे आरपार दगड क्वचितच. वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारी हीच भिंत त्या पहाटे काळ ठरली. पुष्कळ ठिकाणीं माळवद पेलणारा लाकडी सांगाडा शाबूत राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

मदतीस सैन्य आलें, स्वयंसेवक धांवले. पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें नवीं गांवें वसलीं. पण वांचलेल्यांच्या मनांत दगडाची धास्ती बसली. कित्येकांनीं पत्र्याच्या निवाऱ्यांत रात्री काढल्या. वास्तविक दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या रीतीचा होता. आरपार दगड बसवावे, भिंतींभोंवतीं सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवावा, माळवदाचें ओझें कमी करावें, म्हणजे जुनें घरहि बरेंच सुरक्षित होतें.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचें वडिलोपार्जित घर अजून खेड्यांत आहे. भूकंप केव्हां होईल, हें कोणास ठाऊक नाहीं. त्या घराची भिंत आणि माळवद मात्र पुढल्या खेपेस गांवीं गेल्यावर अवश्य पाहून यावें.