साठच्या दशकाची स्मृती आणि संगमनेरचा तमाशा : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
१९६० ते १९७० हे दशक महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ‘सुवर्णकाळ’ म्हणून स्मरले जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. याच काळात ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. या दशकाविषयीच्या ओढीला पुढे बाजारपेठही लाभली. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने जुन्या रेडिओच्या ठेवणीचे ‘कारवाँ’ हे यंत्र ५००० हिंदी गाण्यांसह विक्रीस आणले. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. ही ओढ नेमके काय जपते आणि काय गाळते, याचा अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

चित्रपटातील लावणी :
स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. ती उठल्यानंतरही संहितांचे पूर्वपरीक्षण सुरू झाले. पांढरपेशा घरांत तमाशाचे नाव घेणेही अप्रशस्त मानले जाई. अशा वेळी अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) आणि ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांतून सुलोचना चव्हाण यांचा आवाज घरोघरी पोहोचला. जी लावणी कनातीत जाऊन ऐकणे कमीपणाचे वाटे, ती रेडिओवरून ऐकण्यास मात्र हरकत उरली नाही. तथापि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने या लावणीचा घाट आटोपशीर झाला.

फडाची परंपरा :
संगमनेर तालुक्याचे तमाशाशी असलेले नाते याहून जुने आहे. पठ्ठे बापूराव यांच्या फडातील पवळा ही याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील. साठच्या दशकात तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर यांचा फड गाजत होता. खेडकर यांच्या निधनानंतर कांताबाईंनी मुलाबाळांसह स्वतःचा फड उभा केला व संगमनेर ही कर्मभूमी मानली. मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. गण, गवळण, बतावणी आणि वग असा रात्रभर चालणारा खेळ गावोगावच्या यात्रांतून होत असे. सोंगाड्याची हजरजबाबी वाक्ये त्या रात्रीपुरतीच असत. पूर्वपरीक्षणासाठी सादर होणाऱ्या संहितेत ती येणे शक्य नव्हते.

स्मृतीतील विषमता :
ज्याचे ध्वनिमुद्रण झाले ते आज पुन्हा ऐकता येते. म्हणून तेच त्या दशकाचे संगीत ठरते. नगर शहरातील ‘आशा टॉकीज चौक’ हे नाव चित्रपटगृहाची आठवण रोजच्या बोलण्यात ठेवते. फडाचा तंबू मात्र यात्रा संपताच उतरवला जाई. जागेच्या नावात त्याची खूण सहसा उरत नाही. ध्वनिमुद्रणाने लावणी टिकवली, असा युक्तिवाद करता येईल व तो अंशतः खराही आहे. परंतु टिकले ते गाणे. ते ज्या खेळाचा भाग होते तो खेळ, त्यातील वाद्यवृंद, सुरत्ये आणि बैलगाडीने व पुढे मालमोटारीने फिरणाऱ्या कलावंतांचे कष्ट त्या गाण्यात ऐकू येत नाहीत. यातील बहुसंख्य कलावंत दलित व भटक्या जातींतील होते, हे लक्षात घेता ही गळती केवळ कलेची नाही. ती सामाजिक इतिहासाचीही आहे.

समारोप :
साठच्या दशकाविषयीची ओढ त्याज्य नाही. मात्र ती इतिहासाची जागा घेऊ शकत नाही. यात्रा समित्यांचे हिशेब, सुपारीच्या नोंदी, जाहिरातपत्रके आणि वयोवृद्ध कलावंतांच्या मुलाखती ही या इतिहासाची साधने होत. त्या काळी फडावर उभे राहिलेले कलावंत आज ऐंशीच्या आसपास आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी हे संकलन विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.